घोड्यांचा कौल

भिकाजी गुरवाने उभ्या जन्मात घोडा जवळून पाहिला तो एकदाच, आणि तोही मागून. साहेबाचा घोडा शहरातल्या थिबा राजवाड्याच्या चढावर थांबून शेपटी हलवत होता आणि भिकाजी डोक्यावर पखवाज घेऊन त्याच्या मागे अडकला होता. तरीही तेहतीस सालच्या पावसाळ्यात पुण्याच्या शर्यतीत कोणता घोडा पहिला येणार हे विचारायला माणसं त्याच्या दारात उभी राहू लागली, आणि तो सांगू लागला. म्हणजे सांगायची ती वाघजाई. निदान गावाची तशी समजूत होती, आणि सुरुवातीला भिकाजीचीही.

आमची वाडी भाट्याच्या खाडीपलीकडे. शहरात जायचं तर तरीने खाडी ओलांडायची. वाघजाईचं देऊळ वाडीच्या वर, कातळाच्या कडेला, आणि देवळाला लागून गुरवांची दोन घरं: एक भिकाजीचं, दुसरं त्याच्या चुलतभावाचं, हरिश्चंद्राचं. देवीची पूजा पाळीपाळीने. एक वर्ष या घराकडे, एक वर्ष त्या घराकडे. पाळी दसऱ्याला बदलायची.

भिकाजी पाळीपुरता गुरव होता. एरवी तो पखवाजाचा. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक लावतात, तिच्यामुळे आवाज खाली उतरतो आणि भरतो. पाणी जास्त झालं तर कणीक घसरते, कमी झालं तर तडकते. वाडीत तांदळावाचून दुसरं पीठ फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं, पण भिकाजीच्या घरी गहू यायचा तो पखवाजासाठी. त्याची बायको सगुणा कणीक मळून द्यायची आणि तो नुसता अंगठा टेकवून सांगायचा, "थोडा पाणी अजून." किती ओलं किती वेळ चिकटून राहील, हे त्याच्या बोटांना न विचारता कळायचं. पुढे त्याला आडवं आलं ते हेच.

कारण कौलही बोटांनीच लावायचा असतो. देवीच्या पाषाणाच्या उजव्या अंगाला एक पाकळी, डाव्या अंगाला एक पाकळी, दोन्ही पाण्याने चिकटवायच्या. मानकऱ्याने गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी गळली तर देवी होय म्हणाली, डावी गळली तर नाही. गुरवाला यात दोन बंधनं. दारात आलेल्याला कौल नाकारायचा नाही. आणि स्वतःसाठी कौल मागायचा नाही. साऱ्या गावाला देवीशी बोलता यायचं, गुरवाला तेवढं येत नसे.

घोडा देवळात आणला तो केरूने. केरू मुंबईला शर्यतीचे पैसे लावून घेणाऱ्या एका शेठकडे नोकरीला होता. जिन्यावरून पडून पाय मोडला म्हणून पावसाळाभर घरी आला होता. कोल्हापूरच्या रस्त्याने मोटारीतून त्याचं वर्तमानपत्र यायचं आणि तो ओटीवर पाय लांब करून घोड्यांची नावं मोठ्याने वाचत बसायचा. एका शुक्रवारी काठी टेकत तो देवळात आला.

"दादा, कौल लावायचा हाय."

"कसला?"

"घोड्याचा."

"कोणाचा हरवला?"

"हरवला नाय. जिंकायचा हाय."

भिकाजीला वाटलं, पोराची थट्टा आहे. पण केरूने नारळ ठेवला होता, आणि नारळ ठेवल्यावर गुरवाला नाही म्हणता येत नाही. त्याने एवढंच सांगितलं की आईला दोनच शब्द येतात, होय आणि नाय, घोड्यांची नावं तिला घेता यायची नाहीत. केरू म्हणाला, मग एकेकाचं विचारू. एकेकाचं विचारलं. आईने एका घोड्याला नाही म्हटलं, दुसऱ्याला नाही म्हटलं, सगळ्यांना नाही म्हणत गेली आणि शेवटून दुसऱ्याला होय म्हटलं. केरूने शहरात माणूस पाठवून शेठला तार केली. पुढच्या मोटारीने पेपर आला तेव्हा तोच घोडा पहिला होता.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा तसंच झालं. मग केरूच्या तोंडात तीळ भिजेना. गाव जमायला लागलं.

काशीराम खोत गावचा पहिला मानकरी. त्याला तात्या म्हणत. आधी तो रागावून आला, देवळात जुगार कसला म्हणून, आणि जाताना केरूला बाजूला घेऊन विचारून गेला की माणसाने एकट्याने खेळायचं म्हटलं तर कसं खेळतात. त्यानंतर दर शुक्रवारी गाऱ्हाणं तात्याच घालू लागला. त्याचा आवाज नाटकातल्या राजासारखा, खालून वर चढत जाणारा, आणि त्या आवाजात तो घोडे सांगायचा.

"बा आई वाघजाई, ह्या गावाच्या धनिणी, तुझी लेकरं आज तुझ्या पायाशी आलीत. उद्या शनिवारचा पुण्याच्या मैदानात घोडे सुटतायत. त्यात एक घोडा हाय, नाव त्याचा सिल्वर बेल..."

"घोडी हाय, तात्या," केरू मागून पुटपुटायचा.

"...घोडी हाय. आस्ट्रेलियाच्या मुलखातून आली हाय. ती जर का पहिली येत असंल तर उजवा दे, नसंल तर डावा दे, नि लेकरांचा संशय फेड."

"होय महाराजा," म्हणून सगळं देऊळ उत्तर द्यायचं. म्हातारी माणसं डोळे मिटून म्हणायची.

तिसऱ्या शुक्रवारी पलीकडच्या वाडीतली गंगूबाई म्हशीच्या दुखण्याचा कौल मागायला आली होती. तात्याने तिला बाहेर बसवलं. घोडे संपेपर्यंत अंधार पडला आणि ती उठून गेली. ते भिकाजीच्या मनाला लागलं. पुढच्या शुक्रवारी ती परत आली तेव्हा त्याने तिला मुद्दाम आधी आत घेतलं. ती पदर सावरत हळूच बोलली, "म्हस बरी हाय. मीपण घोडाच विचारते."

त्या साऱ्यातून भिकाजीला सोडवणारी एक गोष्ट होती. शहरात एका नाटक कंपनीचा पावसाळी मुक्काम पडला होता. त्यांचा पखवाजी तापाने अंथरुणाला खिळला, कुणीतरी भिकाजीचं नाव सांगितलं, आणि शनिवारी तो तिथे वाजवू लागला. पत्र्याच्या त्या थेटरात पहिल्या दिवशी नांदीला त्याने हात टाकला तेव्हा विंगेतली माणसं आपापलं काम सोडून पाहायला आली. सगुणाकाकी सांगते, त्या दिवशी घरी आले ते चालत नव्हते, जमिनीच्या वर होते. कंपनीच्या मॅनेजरने त्याला स्पष्टच विचारलं होतं: दसऱ्याच्या दुपारी आम्ही बोटीने वेंगुर्ल्याला जातो, तिथून पुढे गोवा, पुढे बेळगाव. येतोस? भिकाजी म्हणाला, दसऱ्याला माझी पाळी संपते, येतो. मॅनेजर म्हणाला, आलास तर तू, नाही तर वेंगुर्ल्याला दुसरा माणूस ठरवून ठेवलाय.

सगुणा पालीची. पुढची पाळी येईपर्यंत, वर्षभर, ती माहेरी भावाकडे राहील असं दोघांनी ठरवलं. ठरवताना तिने एकदाच विचारलं होतं, "कंपनीत बायकांचं काम पुरुष करतात ना?" तो हो म्हणाला. "मग जावा," ती म्हणाली.

म्हणजे भिकाजीला फक्त दसरा गाठायचा होता. पण घोडे जिंकतच होते, आणि तात्या आता त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागला होता. बैल विकत घेताना माणूस बघतो तसा. एकदा तात्या कुणाला तरी सांगताना त्याने ऐकलं: हरिश्चंद्राचा हात कोरडा, त्याच्या हातात घोडा यायचा नाय.

पाळी संपली तरी हे आपल्याला सोडायचे नाहीत, या भीतीने भिकाजी खाडीपलीकडे राजिवड्याला मुसा तांडेलाकडे गेला.

मुसा तांडेल पूर्वी मोठ्या आगबोटींवर होता. ऑस्ट्रेलियातून हिंदुस्थानात घोडे आणणाऱ्या बोटीवरही त्याने खेपा केल्या होत्या. आता तो आपल्या पडावातून उतारूंना बंदरापासून बोटीपर्यंत नेई. भिकाजी गेला तेव्हा तो पडाव पालथा घालून त्याला राळ लावत होता. भिकाजीने सगळं सांगितल्यावर तो आधी पोटभर हसला.

मग त्याने मेलबर्नची गोष्ट सांगितली. तिथे वर्षातून एक दिवस एका शर्यतीसाठी सारं शहर दुकानं बंद करून बसतं. आणि दर आठवड्याला रस्त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर हातात घडी केलेले कागद घेऊन माणसं उभी असतात. आत घोड्याचं नाव. विकत घ्यायचं आणि पैसे लावायचे.

"नि घोडा हरला मग?" भिकाजीने विचारलं.

"मग तो माणूस टोपी बदलतो नि दुसऱ्या कोपऱ्यावर जाऊन उभा ऱ्हातो. तुला कुठला कोपरा रे गुरवा? तुझ्या मागे भिंत, पुढे देवी, नि दारात खोत."

"म्हणून तर तुझ्याकडे आलो, मुसाभाय. मला हरणारा घोडा सांग."

मुसाने राळेचा बोळा खाली ठेवला. "हरणारा?"

"गावाला एकदा खोटा पडू दे. मग सोडतील मला."

"नि खोटा कसा पडेल? कौल तुझ्या हातात हाय काय?"

भिकाजी बोटांची टोकं एकमेकांवर चोळत राहिला. मुसाने त्याच्या बोटांकडे पाहिलं, मग वर तोंडाकडे पाहिलं आणि दाढी खाजवत म्हणाला की या अल्ला, हे मला सांगायला नको होतंस.

पण घोडा त्याने सांगितला. पेपरातल्या नावांत एक होता, ब्रेव्ह टॉम. मुसाच्याच बोटीतून आलेला. सारी खेप तो घोडा पाय फाकवून थरथरत उभा होता, खात नव्हता, लाट आली की डोळे पांढरे करायचा. "त्याच्यावर कोणीच लावणार नाय," मुसा बोलला. "समुद्राला भ्यालेला जनावर. तो धावला तर मी दाढी काढीन."

त्या शुक्रवारी भिकाजीने आयुष्यात पहिल्यांदा बोट वापरलं. इतर घोड्यांच्या वेळी उजव्या पाकळीला पाणी भरपूर दिलं, हात जरा जास्त टेकवला. ब्रेव्ह टॉमच्या वेळी उजवी पाकळी जवळजवळ कोरडी लावली. तात्याचं गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत ती गळली. केरूने कपाळाला हात लावला. हा घोडा सगळ्यात शेवटचा, तो म्हणाला, याच्यावर कोणी भाकरीचा तुकडा लावणार नाय. तात्या गुरगुरला: आईपेक्षा तुला जास्त कळतं काय?

शनिवारी पुण्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. मैदानाचा चिखल झाला. चांगले चांगले घोडे घसरले, एक स्वार पडला, आणि ब्रेव्ह टॉम एकटा सरळ पळत आला.

मुसाला कळलं तेव्हा तो मान हलवत म्हणाला, "चिखलात त्यालाच उभा ऱ्हाता आला रे. डेकवर शिकला मेला." दाढी मात्र त्याने काढली नाही.

वाडीत त्या दिवशी ढोल वाजले. तात्याने देवीला साडी नेसवली. माणसं भिकाजीच्या पाया पडू लागली, अगदी वयाने मोठी माणसंही, आणि तो पाय मागे घेत घेत घरात शिरला आणि दार लावून बसला. सगुणाने विचारलं, काय झालं. त्याला ते एकट्याने धरवेना. त्याने बोटांचं सगळं तिला सांगून टाकलं.

सगुणा तांदूळ निवडत होती. ती निवडतच राहिली. बऱ्याच वेळाने तिने सूप खाली ठेवलं.

"म्हणजे पाकळी तुम्हाला पाडता येते."

"येते. पण कधी पाडली नव्हती. आजवर कुणाच्या घराचा, लग्नाचा, विहिरीचा कौल मी बोटाने नाय लावला. देवीशप्पत."

"तुम्ही नाय लावला. मामंजींनी?"

त्याला पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं. सगुणाच्या वडलांपुढे दोन स्थळं होती, एक लांज्याचं आणि एक भिकाजीचं. ते पालीहून वाघजाईला कौल मागायला आले. पाळी होती भिकाजीच्या वडलांची. मुलीला या घरात देऊ का, असं गाऱ्हाणं घातलं गेलं, आणि उजवी पाकळी पडली.

"मामंजीही पखवाजच वाजवायचे ना?" सगुणा म्हणाली.

"आता हे काय काढलंस गो? इतकी वर्षं झाली संसाराला. तुला काय कमी पडला?"

"कमी नाय पडला. पण मी इथे देवीने दिलेली हाय की मामंजींनी ओढलेली, ते मला कळायला नको?"

भिकाजीने बापाची बाजू घेतली, सोडली, परत घेतली. ती काही भांडली नाही. सूप उचलून पुन्हा निवडू लागली. पण त्या दिवसापासून तो काहीही हातात घेई तेव्हा ती त्याच्या तोंडाकडे न बघता बोटांकडे बघायची.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तात्याने गावाची बैठक बसवली. गावाचं म्हणणं असं निघालं की देवी भिकाजीच्या हातात बोलते आहे, तर पाळी यंदा बदलू नये. हरिश्चंद्र कोपऱ्यात बसला होता. त्याचं वर्ष जात होतं, पण खोताच्या जमिनीवर त्याचं घर होतं. तो म्हणाला, गाव बोलेल तसं.

भिकाजी उठून उभा राहिला आणि म्हणाला की मला जायचं आहे, मी कंपनीला शब्द दिला आहे.

"नाटकवाल्यांना दिलास," तात्या म्हणाला. "नि आईला काय दिलायस? आम्ही तुझ्यावर जोर नाय करीत भिकाजी. आम्ही आईलाच विचारू. उद्या सकाळी कौल लावू."

"गुरवाला स्वतःचा कौल नाय लावता येत, तात्या."

"तुझा कुठे हाय? गावाचा हाय. गाव विचारतोय, माझा गुरव कोण."

"मग हरिश्चंद्राला लावू दे."

"त्याची पाळी लागली तर लागेल, कौल झाल्यावर. उद्या सकाळी हात तुझाच."

कुणीतरी मागून म्हणालं, होय महाराजा, आणि माणसं हसली. भिकाजीही हसला असं सांगतात. त्याला दिसलं होतं की दार उघडं आहे. हात त्याचाच होता. उजवी पाकळी ओली करून नीट टेकवायची, डावी कोरडी लावायची. देवी नाही म्हणेल. दुपारच्या बोटीला तो मोकळा. ज्या खोताने त्याला कोंडलं होतं त्यानेच किल्ली त्याच्या हातात दिली होती.

सकाळी मुसा तरीजवळ आला आणि भिकाजीची ट्रंक आणि गोधडीत गुंडाळलेला पखवाज आपल्या पडावात ठेवून बंदराकडे घेऊन गेला. जाताना म्हणाला, "बोट वाट बघत नाय. मी बघेन, जमेल तितकी."

देऊळ भरलं होतं. दाराला आंब्याचे टहाळे, पाषाणाला नवं वस्त्र. भिकाजी आंघोळ करून ओल्या धोतराने गाभाऱ्यात गेला. तगरीच्या दोन पाकळ्या त्याने ताम्हनात घेतल्या. तात्याचं गाऱ्हाणं सुरू झालं, आणि या खेपेला त्यात एकही घोडा नव्हता: तुझा सेवक भिकाजी तुझ्या पायाशी वर्षभर राहावा अशी तुझी इच्छा असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे.

भिकाजीने पाण्यात बोटं बुडवली आणि सहज बाहेर पाहिलं. सगुणा खांबाला टेकून उभी होती. ती नवं लुगडं नेसली होती, पालीला जायचं म्हणून. ती देवीकडे बघत नव्हती, तात्याकडे नव्हती. तिची नजर त्याच्या बोटांवर होती.

लोकांना वाटलं, गुरव काहीतरी विसरला. कारण त्याने हात पाण्यातून काढला, धोतराला पुसला, आणि समईच्या मागे ठेवलेल्या अंगाऱ्याच्या वाटीत पाचही बोटं बुडवली. चांगली घोळवली. अंगारा टोकांना असा थापला की त्यांना ओलं कळू नये, कोरडं कळू नये. मग त्या आंधळ्या बोटांनी त्याने एक पाकळी उजवीकडे लावली, एक डावीकडे लावली, आणि हात जोडून मागे सरला.

कौल लवकर पडेना. बाहेर कुणाचं तरी मूल रडलं, त्याला बाहेर नेलं. तात्याने दुसऱ्यांदा गाऱ्हाणं घातलं, तिसऱ्यांदा घातलं. पाकळ्या दोन्ही तशाच. भिकाजीला त्यांच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. पखवाज हातात घेतल्यापासून असं त्याला कधी झालं नव्हतं. मग उजवी पाकळी जराशी सुटली, लोंबकळली, आणि पडली.

"होय महाराजा," देऊळ म्हणालं.

पुढचं दुपारचं. वाडी सोनं वाटत फिरत होती आणि भिकाजी देवळाच्या पायरीवर बसला होता तेव्हा खाडीच्या पलीकडून बोटीचा भोंगा ऐकू आला, एकदा, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा. संध्याकाळी मुसा चढ चढून आला. ट्रंक त्याने कुणाकडून तरी पाठवली होती, पण पखवाज स्वतः डोक्यावरून आणला. तो ओटीवर ठेवून म्हणाला, "त्यांचा मॅनेजर विचारीत होता. मी सांगितलं, त्याला देवी सोडीत नाय."

"मी पाडला नाय, मुसाभाय."

"ठावं हाय मला. पाडायला येतो, नि पाडला नाय." तो पायरीवर टेकला. "तुझ्यासारखा माणूस आमच्या बोटीवर असता तर कप्तानाने समुद्रात फेकला असता."

त्यानंतरचा शुक्रवार आला. पुण्याचा हंगाम संपून मुंबईचा सुरू झाला होता. केरू पेपर घेऊन आला, तात्याने गाऱ्हाणं घातलं, भिकाजीने कौल लावला. घोडा हरला. पुढच्या आठवड्यात हरला. पुढे हरतच गेले, एकामागून एक, जणू भिकाजीच्या हातातली सारी विद्या दसऱ्याच्या सकाळी त्या वाटीत राहिली. गाव आधी म्हणालं, आई परीक्षा बघते. मग म्हणालं, आई रुसली. कोंबडी दिली, साडी दिली. केरूचा पाय बरा झाला आणि तो मुंबईला निघून गेला, जाताना भेटलासुद्धा नाही. दिवाळीनंतर शुक्रवारी देवळात पूर्वीसारखी म्हशींची आणि विहिरींची माणसं येऊ लागली. भिकाजीने त्यांचे कौल लावले, दर वेळी आधी अंगाऱ्यात बोटं घोळवून. नवीन काहीतरी शास्त्र असेल, असं त्यांना वाटलं.

शिमग्याला तात्या आपण होऊन त्याच्या ओटीवर आला. इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "भिकाजी, मला वाटतं आता तू गेलास तरी चालेल."

"कोण बोलतो? तुम्ही की गाव?"

"मी बोलतो."

"तुमच्या बोलण्यावर मी ऱ्हायलो नाय, तात्या. कौलावर ऱ्हायलो. वर्षाचा कौल हाय. तुम्हीच घेतलात."

"मग परत लाव."

"माझ्यासाठी मला मागता येत नाय. तुम्ही मागा."

तात्या उंबऱ्याकडे बघत बसला. परत मागायचं म्हणजे गावापुढे कबूल करायचं की तेव्हा मागायला नको होतं. तो उठला, पायताणं शोधली आणि उतरून गेला. पुन्हा तो विषय त्याने काढला नाही. भिकाजी सुटावा असं आता सगळ्यांनाच वाटत होतं, आणि त्याला सोडवणं कुणाच्याच हातात नव्हतं.

वर्ष संपलं. पाळी हरिश्चंद्राकडे गेली. भिकाजी शहरात जाऊन आला. त्या पत्र्याच्या थेटरात आता बोलपट चालला होता, आणि दारावरच्या माणसाने सांगितलं की ती कंपनी केव्हाच मोडली, बेळगावपर्यंतसुद्धा पोचली नाही. नट घरोघर गेले. पखवाजी? असेल कुठेतरी. भिकाजी बोलपट न बघताच तरीवर आला. आत यंत्रातून गाणं चालू होतं, ते त्याला रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं.

त्या संध्याकाळी त्याने वर्षभर गोधडीत गुंडाळलेला पखवाज खाली काढला. सगुणा न सांगता कणीक मळायला बसली. मळता मळता तिने विचारलं, जे तिने वर्षभर विचारलं नव्हतं:

"त्या दिवशी बोटांना अंगारा का फासलात?"

"तुला कळावा म्हणून."

"काय?"

"की आमच्या घरात कौल बोटाने लावत नाय. आपल्या लग्नाचापण तसा लावला नसेल."

सगुणाकाकी हे सांगते तेव्हा इथे नेहमी थांबते, आणि त्या वेळी त्याच्याबद्दल तिला किती वाटलं ते सांगायला तिला शब्द सापडत नाहीत. पण खोटं तिला बोलता येत नाही, तेव्हाही आलं नाही.

"तुमचा कळला," ती म्हणाली. "मामंजींचा कुठे कळला?"

तिने कणकेचा गोळा त्याच्या हातावर ठेवला. त्याने सवयीने अंगठा टेकवला.

"पाणी जास्त झालाय. घसरेल."

"होऊ दे," ती म्हणाली. "लावा तशीच."